क्रोशाचा छोटा हत्ती, किल्ल्यांना लावायचा : कृती, मापं आणि शंका

लोकरगुंडी

अमिगुरुमी, म्हणजे क्रोशाने छोटे भरीव प्राणी विणण्याच्या जपानी पद्धतीने विणलेल्या कीचेनची टाक्यांच्या हिशेबासकट कृती मराठीत एका जागी असावी म्हणून हा धागा काढते आहे. प्राणी हत्ती निवडलाय, कारण सोंड आणि डोकं एकाच तुकड्यात विणता येतं आणि एक जोड वाचतो.

जोडांचा मुद्दा आधी. कीचेनचा प्राणी म्हणजे कपाटात ठेवायच्या बाहुलीची लहान आवृत्ती नव्हे. तो रोज ओढला जातो, खिशात नाण्यांवर घासतो, पावसात भिजतो, गाडी चालू असताना सतत आपटत राहतो. त्यामुळे वीण घट्ट हवी, तुकडे कमी हवेत आणि सगळा ताण शिवणीवर न येता एका पक्क्या दोऱ्यावर यायला हवा. नाकडोळे नंतर.

सामान:

- 4 प्लाय सुती दोरा, राखाडी किंवा आवडेल तो रंग. एका हत्तीला 7–8 ग्रॅम, म्हणजे अंदाजे 15 मीटर. 50 ग्रॅमच्या गुंडीत पाच-सहा हत्ती होतात.
- क्रोशाची 2.5 मिमीची सुई. हात सैल असेल तर 2.25.
- 6 मिमीचे दोन काळे सेफ्टी डोळे, वॉशरसकट (वॉशर म्हणजे आतून दाबून बसवायची चकती).
- उशीत भरतात ते रेक्रॉनचं फायबर, जेमतेम 2 ग्रॅम.
- बोथट टोकाची लोकरीची सुई, चार-पाच टाचण्या, फेरीची खूण करायला वेगळ्या रंगाचा दोरा.
- 25 किंवा 30 मिमीची किल्ल्यांची कडी आणि जोडायला 8 मिमीची दुपदरी छोटी कडी.

खाली मुखां = मुका खांब. अमेरिकन पॅटर्नमध्ये याला सिंगल क्रोशे म्हणतात, ब्रिटिश पॅटर्नमध्ये डबल क्रोशे. परदेशी पॅटर्न हातात घेतलात तर तो कुठला हे आधी बघा, नाहीतर सगळे टाके उंच येऊन प्राण्याची जाळी होईल. वाढ = एकाच टाक्यात 2 मुखां. घट = दोन टाक्यांचा एक. सगळं गोल-गोल सलग विणायचं, फेरी बंद करायची नाही. कंसात फेरीअखेरचे टाके.

सोंड आणि डोकं (सोंडेच्या टोकापासून सुरुवात, आधी 25 सेंमी दोरा सोडून)

फेरी 1: मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून बंद करता येणाऱ्या दोऱ्याच्या फासात, 6 मुखां (6)
फेरी 2: फक्त मागच्या लूपमधून (टाक्याच्या माथ्यावरच्या दोन दोऱ्यांपैकी पलीकडच्या) 6 मुखां (6). याने टोक सपाट बसतं.
फेरी 3 ते 6: प्रत्येक टाक्यात 1 मुखां (6)
फेरी 7: प्रत्येक टाक्यात वाढ (12)
फेरी 8: 1 मुखां, वाढ – सहा वेळा (18)
फेरी 9: 2 मुखां, वाढ – सहा वेळा (24)
फेरी 10 ते 13: 24 मुखां (24)

इथे थांबा. डोळे आत्ताच बसवायचे आहेत. फेरी 9 आणि 10 च्या मध्ये, दोघांत 8 टाक्यांचं अंतर ठेवून. वॉशर शेवटपर्यंत दाबायचा, एकदा बसला की निघत नाही. म्हणून आधी डोळे नुसते खोचून समोरून, बाजूने, वरून बघा.

फेरी 14: 2 मुखां, घट – सहा वेळा (18). आता फायबर भरायला घ्या.
फेरी 15: 1 मुखां, घट – सहा वेळा (12). उरलेलं फायबर कोंबून भरा.
फेरी 16: घट – सहा वेळा (6). दोरा कापून उरलेल्या सहा टाक्यांच्या पुढच्या लूपमधून सुईने ओवा, ओढून बंद करा.

धड

फेरी 1: मॅजिक रिंगमध्ये 6
फेरी 2: प्रत्येकात वाढ (12)
फेरी 3: 1 मुखां, वाढ – सहा वेळा (18)
फेरी 4 ते 6: 18
फेरी 7: 1 मुखां, घट – सहा वेळा (12)
फेरी 8: 12. फायबर भरा, तोंड उघडंच ठेवा, शिवायला 30 सेंमी दोरा सोडून कापा.

पुढचे पाय (2): रिंगमध्ये 6, मग मागच्या लूपमधून 6, मग साधे 6. फायबर नको. तोंड चपटं करून दोन्ही कडांतून मिळून 3 मुखां घाला, शिवायला सरळ कड मिळते.

मागचे पाय (2): रिंगमध्ये 8, मागच्या लूपमधून 8, साधे 8. चिमूटभर फायबर.

कान (2): 6, 12, 18 अशा तीन फेऱ्यांचं सपाट वर्तुळ. बस.

शेपूट: 5 साखळ्या, दुसऱ्या साखळीपासून परतताना 4 स्लिप स्टिच, म्हणजे उंची नसलेले टाके.

अशाने बसलेला हत्ती सुमारे 5 सेंमी उंच होतो. जोडणी पुढच्या प्रतिसादात लिहिते, तिथेच खरी गोम आहे.

लोकरगुंडी

जोडणी.

डोक्याच्या फेऱ्या सोंडेभोवती उभ्या फिरतात, त्यामुळे जागा शोधणं सोपं आहे. दोन डोळ्यांच्या बरोबर मधली ओळ म्हणजे माथा. तिथून मागे फेरी 12 वर या. माथ्यापासून दोन्हीकडे 3-3 टाके मोकळे सोडा आणि त्यापुढच्या 6 टाक्यांवर कानाची कड शिवा. कानाच्या कडेचे सहाच टाके शिवायचे, बाकी कान मोकळा फडफडू दे.

धडाचं 12 टाक्यांचं तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला, फेरी 9 ते 13 या पट्ट्यात बसतं. टाचण्या लावून चारही दिशांनी बघा आणि मगच शिवा. प्रत्येक टाका घ्यायचा, एकही सोडायचा नाही, आणि गोल पूर्ण झाला की दुसरी फेरी शिवायची. मान ही कीचेनची सगळ्यात अशक्त जागा. शिवण संपायला दोन टाके उरले की मानेत आणखी फायबर कोंबा, नाहीतर डोकं लटपटतं.

पुढचे पाय मानेच्या लगेच खाली, धडाच्या फेरी 7 वर. मागचे पाय फेरी 3 आणि 4 वर, समोर आलेले, म्हणजे हत्ती बसलेला दिसतो.

आता अडकवायचा लूप. दोरा दुहेरी घेऊन 16 साखळ्या घाला, दोन्ही टोकांना 25 सेंमी दोरा सोडा. साखळी दुमडून माथ्यावर दोन कानांच्या मध्ये ठेवा. चारही दोरे सुईने डोक्यातून सरळ खाली, मानेतून, धडातून तळाच्या मॅजिक रिंगजवळ बाहेर काढा. तिथे दोन-दोन दोरे वेगवेगळ्या टाक्यांतून घेऊन एकमेकांशी गाठ मारा, गाठ आत ओढा, टोकं धडात उलटसुलट फिरवून लपवा. यामुळे कोणी हत्ती धरून किल्ल्या ओढल्या तरी ताण माथ्यावरच्या एका टाक्यावर येत नाही, हत्तीच्या तळापर्यंत वाटला जातो. गाठ मारताना दोरे नुसते ताठ हवेत. जास्त ओढले तर तळाला खळगा पडतो आणि धड चेपतं.

रानजाई

फार उपयोगी धागा, वाचनखूण साठवली. दोन शंका. फेरी 9 ला 24 ऐवजी 23 टाके भरतात तेव्हा नेमकं कुठे बघावं? आणि डोक्यावर सहा कोपरे दिसतात, ते कसे घालवायचे?

मुका_खांब

@रानजाई, 23 येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फेरीचा शेवटचा टाका. वाढीचा दुसरा मुखां घातला की त्याच्या पायाशी पुढचा टाका किंचित झाकला जातो आणि सुई त्याच्या पुढच्यात जाते. प्रत्येक वाढीनंतर पुढचा टाका बोटाने उघडून बघायचा. खुणेचा दोरा फेरीच्या पहिल्या टाक्यात ठेवता की शेवटच्या, हेही ठरवून घ्या. कधी इथे, कधी तिथे ठेवला की मोजणीत एकाचा फरक हमखास येतो. आणि हे तपासण्यासाठी उसवायची गरज नसते. फेरीचे टाके सहा भागांत मोजा, फेरी 9 ला प्रत्येक भागात 4 हवेत. ज्या भागात 3 आहेत तिथेच चूक.

एक टाका कमी असताना पुढे गेलात तर 24 च्या फेऱ्यांत काही कळत नाही, पण फेरी 14 ला हिशेब चुकतो आणि डोकं एका बाजूला कलतं. तोवर डोळे बसलेले असतात. म्हणून फेरी 9 मोजल्याशिवाय फेरी 10 सुरू करू नये.

कोपऱ्यांचं कारण सरळ आहे. वाढी दर फेरीत एकावर एक येतात, म्हणून षटकोन होतो. फेरी 9 अशी करा: 1 मुखां, वाढ, मग (2 मुखां, वाढ) पाच वेळा, शेवटी 1 मुखां. टाके 24 च होतात, फक्त वाढी एक घर सरकतात. फेरी 14 ची घटही याच हिशेबाने सरकवता येते: 1 मुखां, घट, मग (2 मुखां, घट) पाच वेळा, शेवटी 1 मुखां.

तुळशीबाग_वारी

दोरा सुतीच का? ॲक्रिलिक स्वस्त पडतं, रंग जास्त मिळतात, पटकन वाळतं. वर्धमान, ओसवालच्या गुंड्या सगळीकडे असतात.

लोकरगुंडी

ॲक्रिलिकने होतो की. पण किल्ल्यांबरोबर घासून त्याला थोड्या दिवसांत गोळे धरतात आणि चेहरा धूसर होतो. शिवाय ॲक्रिलिक ताणलं जातं, भरल्यावर टाके उघडतात आणि पांढरं फायबर आतून डोकावतं. सुती दोरा ताणला जात नाही, टाका स्पष्ट दिसतो आणि छोट्या आकारात कान-पाय रेखीव येतात. अँकरचा निटिंग कॉटन किंवा तसा कुठलाही 4 प्लाय सुती दोरा चालेल.

ऑनलाइन मिळणारा मिल्क कॉटन साधारणपणे सूत आणि कृत्रिम धाग्याचं मिश्रण असतो. मऊ असतो, रंग सुंदर, पण पीळ सैल असल्यामुळे सुईचं टोक दोऱ्याच्या मधून जातं आणि टाका फाटल्यासारखा दिसतो. तो वापरायचा तर सुईचं टोक गोलसर असलेलं घ्या.

मखमली लोकर कीचेनला अजिबात घेऊ नका. टाके दिसत नाहीत, मोजता येत नाहीत आणि घासून तंतू झडतात.

काजवा

मी ॲक्रिलिकच्या बाजूने. सुती दोरा पावसात भिजला की लवकर वाळत नाही, जड होतो, आणि घामट हाताने धरून काळपट पडतो. चांगल्या पिळाचं, गोळे कमी धरणारं ॲक्रिलिक घेतलं आणि सुई अर्ध्या मिलिमीटरने बारीक केली तर टाके उघडत नाहीत. गुंडीच्या लेबलवर स्वेटरसाठी सुचवलेला सुईचा आकार असतो. अमिगुरुमीला त्याहून 0.5 ते 1 मिमी बारीक सुई घ्यायची, हा नियम दोन्ही दोऱ्यांना लागू.

लोकरगुंडी

@काजवा, पावसाचा मुद्दा मान्य. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी त्याचा विचार करावाच. पण आत फायबर असेल तर सुती हत्तीही पिळून, टॉवेलमध्ये दाबून एका दिवसात वाळतो. अडचण होते ती आत साधा कापूस भरल्यावर. कापूस ओल धरून ठेवतो, त्याच्या गाठी होतात आणि आतून कुबट वास येतो. कापूस आणि कापडाच्या चिंध्या, दोन्ही टाळा.

उभाधागा

सुईच्या आकड्यांबद्दल थोडं लिहितो, कारण 2.5 मिमीची सुई मागितली की दुकानात प्रत्येक जण वेगळा नंबर सांगतो.

नंबर विसरा, मिलिमीटर बघा. हिरोशिमाच्या ट्यूलिपसारख्या जपानी सुयांवर 2/0 म्हणजे 2 मिमी, 4/0 म्हणजे 2.5, 5/0 म्हणजे 3, 6/0 म्हणजे 3.5. इथे आकडा वाढला की सुई जाड. लेससाठीच्या बारीक पोलादी सुयांना मात्र उलटा हिशेब, आकडा वाढला की सुई बारीक. अमेरिकन अक्षरांच्या मालिकेत बी म्हणजे 2.25 आणि सी म्हणजे 2.75, मधल्या 2.5 ला अक्षरच नाही. त्यामुळे अमेरिकन पॅटर्नमध्ये सी लिहिलं असेल आणि आपल्याकडे 2.5 असेल तर बिनधास्त 2.5 वापरा, वीण जरा घट्ट येईल, ते चांगलंच.

दांड्यावर मिमी छापलेलं नसेल तर सुई घेऊ नका. आणि छोट्या प्राण्यांसाठी रबरी मुठीची सुई घ्या. घट्ट टाक्यात सुई घुसवताना नुसत्या ॲल्युमिनियमच्या दांड्याने अंगठ्याखाली दुखतं.

मुका_खांब

दोन गोष्टी मूळ कृतीत सुटल्यात असं वाटतं, भर घालतो.

घट. दोन टाक्यांतून नेहमीसारखे लूप काढून एकत्र केले तर तिथे फुगवटा आणि शेजारी भोक दिसतं. त्याऐवजी पुढच्या दोन टाक्यांचे फक्त पुढचे लूप, आपल्या बाजूचे, सुईवर घ्या. दोरा ओढून त्या दोन्हीतून एकदम काढा. सुईवर दोन लूप उरतात, नेहमीसारखा मुखां पूर्ण करा. घट कुठे आहे ते शोधून सापडत नाही.

दुसरं म्हणजे दोरा सुईवर कसा घेता. टाक्यात सुई घातल्यावर दोरा सुईखाली राहू देऊन आकड्याने वरून पकडला तर टाका फुलीसारखा दिसतो आणि जास्त आवळून बसतो. दोरा सुईवरून फिरवून घेतला तर व्हीसारखा दिसतो, किंचित उंच आणि सैल. कीचेनला फुलीचा टाका चांगला, आतलं फायबर दिसत नाही. फक्त एका प्राण्यात दोन्ही मिसळू नका. डोकं एका पद्धतीने आणि धड दुसऱ्या पद्धतीने झालं तर मापं जुळत नाहीत.

आणि बाहेरची बाजू! फेरी 3-4 नंतर विणकाम वाटीसारखं वळतं, तेव्हा ते उलटं वळलंय का बघा. टाक्यांच्या स्वच्छ उभ्या रांगा बाहेर दिसायला हव्यात. आडव्या रेघा बाहेर दिसत असतील तर आतली बाजू बाहेर आली आहे. सोंड 6 टाक्यांची असल्यामुळे नंतर उलटवणं फार कठीण, दुसऱ्या फेरीलाच बघून घ्या.

रानजाई

धन्यवाद, फेरी सरकवल्यावर गोल छान येतोय. सोंड मात्र बंदुकीच्या नळीसारखी सरळ पुढे येते. वाकवायची कशी? आणि मॅजिक रिंग सैल होऊन टोकाला भोक पडू नये म्हणून काय करायचं?

लोकरगुंडी

त्यासाठीच सुरुवातीला 25 सेंमी दोरा सोडायला सांगितलं. फेरी 13 झाली, डोळे बसले, पण फायबर भरायच्या आधी हे करायचं. तो दोरा सुईत ओवून आतून सोंडेच्या टोकाशी बाहेर काढा. खालच्या बाजूच्या एका सरळ ओळीत प्रत्येक फेरीतला एक टाका उचलत सोंडेच्या मुळापर्यंत या. हळूहळू ओढा, सोंड खाली वळते. हवा तेवढा बाक आला की दोरा डोक्यात नेऊन आतून दोनदा गाठ मारा. वर वळलेली सोंड हवी असेल तर हेच वरच्या ओळीतून. सोंडेत फायबर भरू नका, त्याच रंगाच्या दोऱ्याचे तीन-चार तुकडे सुईच्या मागच्या टोकाने आत ढकला. फायबर भरलेली सोंड वाकताना मध्ये चुणी पडते.

मॅजिक रिंगबद्दल: रिंग ओढून बंद केल्यावर दोरा नुसता आत सोडून देऊ नका. रिंगभोवती टाक्यांच्या पायांतून एक पूर्ण गोल फिरवा, मग उलट्या दिशेने अर्धा गोल. दिशा बदलली की दोरा मागे सरकत नाही. धडाच्या तळाच्या रिंगला हे जास्त महत्त्वाचं, कारण लूपचे दोरे तिथेच बांधायचे आहेत. रिंग जमतच नसेल तर 2 साखळ्या घालून पहिल्या साखळीत 6 मुखां घाला. सुती दोऱ्यात टिपकीएवढं भोक राहतं, पण सुटत नाही.

पितळी_कडी

धातूच्या सामानाबद्दल.

सगळ्यात जास्त कीचेन तुटतात त्या विणीमुळे नाही, जोडकडीमुळे. दागिन्यांसाठी वापरतात ती एकपदरी कडी दिसायला नाजूक असते, पण एका धक्क्यात तिचं तोंड उघडतं. तिच्याऐवजी दुपदरी छोटी कडी, म्हणजे किल्ल्यांच्या कडीचीच लहान आवृत्ती, 8 मिमीची. एकपदरीच वापरायची असेल तर किमान 1 मिमी जाड तारेची घ्या आणि उघडताना तोंड रुंद करू नका. दोन पक्कडींनी एक टोक पुढे, एक मागे असं पिळून उघडा, तसंच पिळून बंद करा. रुंद केलेली कडी पुन्हा नीट गोल होत नाही आणि फटीतून दोरा निसटतो.

दोऱ्याचा लूप थेट मोठ्या कडीत अडकवू नका. मोठ्या कडीची कापलेली टोकं धारदार असतात, किल्ली घालता-काढताना दोरा तिथे घासून तुटतो. मध्ये छोटी कडी हवीच.

गंज: स्वस्त लोखंडी कडीवरचा मुलामा पावसाळ्यात जातो आणि सुती दोऱ्यावर तपकिरी डाग पडतो. स्टेनलेस स्टील किंवा निकेल चढवलेलं पितळ घ्या. लोहचुंबक लावून बघितलं तर साधं लोखंड लगेच चिकटतं. पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास या कड्या वजनावर किंवा डझनावर मिळतात.

सावळी

जपानी चार्ट वाचता येत नाही म्हणून सोडून देते. भाषा येत नसताना त्यावरून विणता येईल का?

उभाधागा

नक्की येईल, जपानी चार्ट बहुतेक चित्रच असतो. मधल्या वर्तुळापासून बाहेर वाचायचं. गुणाकाराचं चिन्ह म्हणजे मुखां. व्हीसारखं चिन्ह म्हणजे वाढ, उलटा व्ही म्हणजे घट. लंबगोल म्हणजे साखळी, काळा भरीव ठिपका म्हणजे स्लिप स्टिच. शेजारी एक तक्ता असतो, त्यात फेरीचा क्रमांक आणि त्या फेरीचे एकूण टाके. कित्येकदा नुसत्या तक्त्यावरून विणता येतं. 12 वरून 18 झाले म्हणजे सहा वाढी, 18 वरून 12 झाले म्हणजे सहा घटी. एक फरक लक्षात ठेवा: बऱ्याच जपानी कृतींत प्रत्येक फेरी स्लिप स्टिचने बंद करून 1 साखळी चढतात. चार्टवर फेरीच्या सुरुवातीला साखळीचं चिन्ह असेल तर ते तसंच करा, सलग विणू नका.

डावखुरी

डाव्या हाताने विणणाऱ्यांसाठी काही बदल?

मुका_खांब

टाक्यांचे आकडे तेच. फेरी उलट्या दिशेला फिरते, म्हणून सगळं आरशात बघितल्यासारखं होतं. जोडणीच्या जागा माथ्यापासून दोन्हीकडे सारख्या दिल्यात, त्यामुळे या हत्तीत काहीच बदलायला नको.

याच निमित्ताने सांगतो, सलग विणताना फेरीची सुरुवात एकावर एक येत नाही. उजव्या हाताने विणणाऱ्यांची ती हळूहळू उजवीकडे सरकते, डाव्या हाताच्यांची डावीकडे. म्हणून डोळे, कान यांची जागा खुणेच्या दोऱ्यावरून ठरवू नका. आधी डोळे टोचा, त्यांच्यावरून माथा ठरवा, बाकीचं माथ्यापासून मोजा.

तुळशीबाग_वारी

लहान मुलांच्या दप्तराला लावायचा असेल तर सेफ्टी डोळे चालतील का? नावातच सेफ्टी आहे.

काजवा

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात जाणार असेल तर नको. वॉशर पक्का असला तरी मूल चावून टाका फाडू शकतं आणि डोळा वॉशरसकट बाहेर येतो. बाळांच्या खेळण्यांच्या तपासणीत छोट्या वस्तूंसाठी 31.7 मिमी व्यासाचं नळकांडं वापरतात, त्यात पूर्ण मावणारी वस्तू गुदमरण्याच्या धोक्याची धरतात. डोळा आणि छोटी कडी त्यात सहज मावतात.

त्यांच्यासाठी डोळे भरा. भरतकामाच्या सहापदरी काळ्या दोऱ्याचे तीन पदर घ्या, एकाच टाक्यावर चार-पाच आडवे टाके, मग वरच्या कोपऱ्यात पांढऱ्याचा एक बारीक टाका. हे डोकं बंद झाल्यावरही करता येतं आणि जागा चुकली तर उसवता येतं. कडी मात्र बाळाच्या हातात देऊच नये.

सावळी

विकायला ठेवायचे असतील तर काही नियम?

पितळी_कडी

खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, 2020 हा 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तूंना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह लागतं. केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. नियमित विक्री करायची असेल तर कारागीर म्हणून नोंद करून घ्या. कीचेन मोठ्यांसाठीची वस्तू म्हणून विकत असाल तर पाकिटावर तसं स्पष्ट लिहा आणि जाहिरातीत ती खेळणं म्हणून दाखवू नका.

पॅटर्न दुसऱ्याचा असेल तर तयार वस्तू विकायची परवानगी त्यात लिहिली आहे का ते बघा. बरेच डिझायनर नाव देण्याच्या अटीवर परवानगी देतात. पॅटर्नची प्रत मात्र कोणालाही पाठवू नका.

किमतीत सामान फार थोडं असतं, तास जास्त असतात. सवयीच्या हाताला जोडणीसकट तीन-साडेतीन तास लागतात. त्यातला जवळजवळ तास नुसता जोडणीत जातो, तो हिशेबात धरायला विसरू नका.

काजवा

विकणाऱ्यांनी दोन गोष्टी टाळाव्यात. एक म्हणजे गरम गोंदाच्या बंदुकीने चिकटवलेले कान. उन्हात उभ्या गाडीत तो गोंद मऊ पडतो आणि कान हातात येतो. शिवायलाच हवं. दुसरं म्हणजे गडद लाल, मरून, काळा सुती दोरा न तपासता पांढऱ्याबरोबर वापरणं. वीतभर दोरा पांढऱ्या ओल्या फडक्यात दाबून तासभर ठेवा. डाग पडला तर तो रंग एकरंगी प्राण्यालाच वापरा.

रानजाई

हत्ती झाला! सोंड खाली वळवली, कान फेरी 12 वरच बसवलेत. एकच शंका, धुवायचा कसा? आणि लूप पक्का बसलाय हे देण्याआधी तपासायचं कसं?

लोकरगुंडी

वा, छान! तपासायला मोठ्या कडीत किलोभराची पिशवी अडकवा, हत्तीला मुठीत धरून उचला आणि मिनिटभर तसंच धरा. दोन-तीनदा हलका हिसकाही द्या. माथ्यावर टाके वर ओढले जात असतील तर तळाची गाठ सैल आहे. तळाची गाठ सोडवून दोरे पुन्हा ताठ करा, माथ्यावर वरून टाके घालून काही होणार नाही. मानेत फट दिसली तर शिवणीची तिसरी फेरी घाला.

धुताना आधी कड्या काढून ठेवा. कोमट पाण्यात पातळ साबणाचे दोन थेंब, दहा मिनिटं बुडवून बोटांनी दाबायचं, चोळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा, सोंड आणि कान ओले असतानाच हवे तसे वळवून ठेवा आणि सावलीत जाळीवर वाळवा. आत पूर्ण कोरडा झाल्यावरच कडी लावा. बाहेरून कोरडा वाटला तरी धड दाबून बघा. गार लागलं तर अजून ओल आहे.

सावळी

हाच हिशेब वापरून ससा किंवा अस्वल करायचं असेल तर?

मुका_खांब

धड आणि पाय तेच ठेवा. डोकं सोंडेशिवाय: रिंगमध्ये 6, मग 12, 18, 24, मग 24 च्या 4 फेऱ्या, पुढे घट वरच्यासारखीच. डोळे फेरी 4 आणि 5 च्या मध्ये, 6 टाक्यांच्या अंतराने. अस्वलाचा कान रिंगमध्ये 6, मग 9 (1 मुखां, वाढ – तीन वेळा), दुमडून शिवायचा. सशाचा कान रिंगमध्ये 6, मग 9, मग 9 च्या 5 फेऱ्या, मग 1 मुखां, घट – तीन वेळा (6), चपटा करून माथ्यावर. सशाचे उभे कान किल्ल्यांच्या कडीत अडकतात, त्यामुळे ते मागे झुकवून खालचे दोन-तीन टाके डोक्याला टाचून घ्या आणि लूप कानांच्या पुढे आणा.